शिवायला घेतलेलं दरवेळी अर्धवट का राहतं? आधी अडतंय कुठे ते शोधा

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. हौसेनं खणाचं कापड आणलं, जुळतं अस्तर आणलं, एका रविवारी बेतूनही झालं, आणि मग तो गठ्ठा पिशवीत गेला तो गेलाच. मध्ये मुलांच्या परीक्षा आल्या, गावाहून पाहुणे आले, सासऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या. पिशवी पुन्हा उघडेपर्यंत जिच्यासाठी परकर-पोलकं बेतलं होतं ती लेक उंच झालेली असते आणि माप चुकतं. मग नवीन कापड येतं, नव्यानं उत्साह येतो, आणि महिन्याभरात त्याचीही तीच गत. यावर ठरलेलं उत्तर असतं, "काय करणार, वेळच मिळत नाही."

वेळ कमी आहे हे खरंच आहे. दहिसरहून किंवा मुलुंडहून फोर्टला नोकरीला जाणारी बाई घरी पोचते तेव्हा कुकर लावायची वेळ झालेली असते. पण अर्धा-पाऊण तास मधूनमधून सगळ्यांनाच मिळतो. त्या अर्ध्या तासात पुढ्यात जे काम असतं, ते त्या वेळी करण्यासारखं नसतं, खरी अडचण तिथे आहे.

शिवण आपण एक काम धरतो, पण ती तीन कामं आहेत: बेतणं, मशीनवर टीप मारणं आणि हातशिलाई. बेतायला मोकळी जमीन आणि शांत डोकं लागतं. मशीनला उजेड लागतो, आणि आवाज झाला तरी कुणाची झोपमोड होणार नाही अशी वेळ लागते. हातशिलाईला मांडी आणि बरासा दिवा पुरतो. मुंबईतल्या वन बीएचकेत या सगळ्या गोष्टी एका वेळी कधीच मिळत नाहीत, वेगवेगळ्या वेळी मात्र मिळतात. "आज ब्लाउज पुरा करायचाच" असं ठरवलं की घराकडे सगळंच एकदम मागितल्यासारखं होतं, आणि मग त्यातलं काहीच हाती लागत नाही. म्हणून दिवस बघून काम ठरवू नका, घराची त्या वेळची अवस्था बघून ठरवा.

आधी पिशवी रिकामी करा

अर्धवट पडलेलं सगळं पलंगावर मांडा आणि प्रत्येक गठ्ठ्याला टाचणीनं चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर "हिरवा ब्लाउज" असं लिहून उपयोग नाही, ते दिसतंच आहे. पुढची एकच कृती लिहा: "डाव्या बाहीला अस्तर जोडणे", "हूक लावणे", "काठ कमी पडतोय, लेस आणणे". सगळ्या लिहून झाल्या की एकदा सलग वाचा. कोणत्या जातीच्या चिठ्ठ्या जास्त आहेत ते लगेच दिसेल, आणि तिथेच तुमचं काम अडतंय. सगळं हूक आणि तुरपाईपाशी थांबलेलं असेल तर महागडं मशीन घेऊन काहीही सुधारणार नाही. सगळं बेतण्याआधीच थांबलं असेल तर आणखी कापड आणणं थोडे दिवस बंद ठेवा, मग दादरच्या हिंदमाता कापडबाजारात कितीही चांगला सेल लागलेला असो.

बेतायला मुहूर्तच लागत नाही

याचं कारण जवळजवळ नेहमी जागा. पलंगावर बेतू नका, गादीवर कापड दबतं आणि कात्री तिरकी जाते. जेवणाचं टेबल अपुरं पडतं. जमीनच चांगली. हल्ली बऱ्याच फ्लॅटमध्ये दोन बाय दोन फुटांच्या टाइल्स असतात, त्यांच्या फटी म्हणजे आयती आखलेली सरळ रेघ आणि आयता काटकोन. कापडाचा काठ फटीला लावून ठेवला की उभा धागा सरळ राहतो. पडदे, उशांचे अभ्रे, चादरी अशा मोठ्या सरळ कापासाठी तर टाइल मोजत गेलं तरी काम होतं, फक्त आपल्या घरातली टाइल एकदा टेपनं मोजून खात्री करून घ्या.

वेळ निवडायची तर रविवार सकाळ, केर-लादी होऊन जमीन वाळली की लगेच. मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर दादरची फेरीही नकोशी होते, तेव्हा तो दिवस खरेदीपेक्षा बेतण्यासाठी योग्य. आणि जमीन एकदा मोकळी मिळाली की एकच नग बेतून उठू नका. तीन-चार नग बेतून ठेवा. मापं मनात ताजी असतात, खडू-कात्री हाताशी असते, पुन्हा तो पसारा मांडायला लागत नाही.

बेतलेल्या प्रत्येक नगाचा एक पुरा गठ्ठा बनवा. साड्यांची पारदर्शक कव्हरं यासाठी फार सोयीची. कापलेले भाग, अस्तर, गळ्याचा कॅनव्हास, पायपिंगच्या तिरक्या पट्ट्या, हूक, मापाची चिठ्ठी आणि जुळता दोरा, सगळं एकत्र. दोरा आत नसेल तर तो गठ्ठा तयार झाला असं धरू नका. किती तरी कामं नुसत्या दोऱ्यासाठी अडून राहतात, कारण रात्री नऊ वाजता मशीनवर बसल्यावर कळतं की रीळ संपलंय. बाजाराच्या यादीलाच कापडाचा छोटा तुकडा टाचून पर्समध्ये ठेवा, म्हणजे ऑफिसमधून येताना दादरला उतरलात तर लगेच जुळवता येईल. दोरा जुळवताना दुकानाच्या पायरीवर या आणि उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि बाटली हिरवा यांत फसायला होतं.

सुती कापड, अस्तर आणि साडीचा फॉल हे बेतण्यापूर्वी पाण्यातून काढावंच लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, फॉल आखडतो आणि साडीचा काठ गोळा होतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण जुलैत ते करायला जावं तर कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला कोंदट वास येतो आणि काम तिथेच थांबतं. म्हणून श्रावण-भाद्रपदात लागणारं कापड मे महिन्यातच भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवा. पावसाळ्यातला एक मोठा अडथळा त्यानं आपोआप जातो.

मुलांचे कपडे शिवून होईपर्यंत लहान होतात, त्यावर आपल्या आज्या करायच्या तोच उपाय अजूनही सगळ्यांत चांगला: परकराच्या घेराला खाली आडव्या दोन-तीन चुण्या घालायच्या. दिसायला नक्षी दिसते, आणि मुलगी वाढली की एकेक चूण उसवत न्यायची. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर मार्जिन ठेवा. असं बेतलेलं कापड सहा महिने पडून राहिलं तरी वाया जात नाही.

घरात रांगतं मूल असेल तर टाचण्या मोजूनच काढायच्या आणि मोजूनच परत ठेवायच्या. शेवटी जमिनीवरून लोहचुंबक फिरवा, फटीत अडकलेली टाचणीही निघते.

मशीन काढायचाच कंटाळा येतो

हा कंटाळा आळस म्हणून सोडून देऊ नका, त्यात हिशोब आहे. ओतीव लोखंडाचं काळं मशीन दहा-बारा किलोचं असतं. ते पलंगाखालून ओढायचं, टेबल रिकामं करायचं, मोटरची वायर प्लगपर्यंत पोचवायची, दोरा ओवायचा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची फिरकी) भरायची, आणि शेवटी हे सगळं उलट्या क्रमानं आवरायचं. हाताशी चाळीस मिनिटं असतील तर त्यातली निम्मी यातच जातात. माणसाला हे न मोजताही कळतं, म्हणून तो उठतच नाही.

शक्य असेल तर मशीनला कायमची जागा द्या, मग ती कितीही लहान असो. पायमशीन असेल तर प्रश्न बराचसा सुटलेला असतो: मशीन आत दुमडलं की वर सपाट फळी होते आणि दिवसा त्यावर मुलांचा अभ्यास होऊ शकतो. तेही शक्य नसेल तर मशीन काढण्याचे दिवस कमी करा आणि काढलंत की मोठं काम उरका. शनिवारी सकाळी काढा, रविवारी रात्री ठेवा. पण हे घरच्यांना आधी सांगा. "शनिवार-रविवार टेबलावर मशीन राहील, जेवायला आपण खाली बसू," एवढं शुक्रवारीच बोलून ठेवलं की कुणी कुरकुर करत नाही. न सांगता मांडलं की दुपारी पानं घ्यायच्या वेळी चिडचिड होते, आणि ती चिडचिड पुढच्या वेळी मशीन काढताना आठवते.

मशीन बाहेर असताना एकेक नग पुरा करायच्या मागे लागू नका, कामं जातवारीनं करा. एका रंगाच्या दोऱ्यात बसणाऱ्या सगळ्या टिपा एकत्र: तीन ब्लाउजांची अस्तरं, उशांचे अभ्रे, शाळेच्या पँटची उसवलेली शिवण. दोरा बदलला की पुढची रांग. हातशिलाई आली की तो नग बाजूच्या डब्यात टाका आणि मशीनवरून उठू नका.

थांबायचं कुठे, याकडे फार कमी जणी लक्ष देतात, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त दुखणं इथेच आहे. एक भाग छान संपला की आपण उठतो. मग आठ दिवसांनी बसलं की पुढचं काय होतं तेच आठवत नाही. त्याऐवजी पुढची शिवण टाचून ठेवा, जमल्यास दोन इंच टीप मारून सुई कापडातच ठेवून उठा. बॉबिन भरलेली ठेवा. बाह्यांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. बाहीचा पुढचा घोल, म्हणजे काखेकडचा गोल काप, मागच्यापेक्षा थोडा जास्त कापलेला असतो, ताजं असताना हा फरक डोळ्यांना दिसतो, आठवड्यानं दिसत नाही, आणि उलटी जोडलेली बाही काखेत ओढते. खडूची खूण पुसली जाते. पुढच्या बाजूला वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे दोन कच्चे टाके घालून ठेवा.

आवाजाचं म्हणाल तर इमारतीत खालच्या मजल्यावर मशीनची धडधड आपल्याला वाटते त्याहून जास्त ऐकू जाते. टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे, मशीनखाली जाड सतरंजीची घडी, आणि शेजाऱ्यांच्या भिंतीपासून हातभर अंतर, यानं पुष्कळ फरक पडतो. तरीही रात्री दहानंतर मशीन नको. बाजूच्या घरात दहावीचं मूल असेल तर एकदा विचारून घ्या, कोणत्या वेळी चालेल ते. तेवढ्यानं संबंध चांगले राहतात आणि आपलंही मन निर्धास्त राहतं.

बसलं की मशीनच कुरकुरतं

मिळालेली वेळ अशी गेली की फार वाईट वाटतं. कारागीर बोलावण्याआधी काही गोष्टी घरीच बघता येतात.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे फास होत असतील तर सगळ्यांचा हात आधी बॉबिनकडे जातो. दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. दाबपट्टी, म्हणजे मशीनचा पाय, वर उचला आणि दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. पाय खाली असताना ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, आणि मग वरून ताण न मिळाल्यानं तो खाली गोळा होतो. एवढ्यानं बहुतेक वेळा काम सुरळीत होतं.

टाके सुटत असतील तर सुई बदला. सुई मोडली तरच बदलायची अशी आपल्याकडे सवय आहे, पण टोक बोथट झालेलं डोळ्यांना दिसत नाही. सात-आठ तास शिवून झालं की सुईचं काम झालं असं धरा. नंबरही बघा: साध्या सुती कापडाला १४, पातळ रेशमी किंवा जॉर्जेटला ११, जीन्सला १६. टी-शर्टच्या होजियरी कापडाला गोल टोकाची वेगळी सुई लागते, साधी सुई कितीही नवी असली तरी तिथे टाके सोडते. जीन्सची जाड दुमड आली की मोटर किंवा पायडल मारणं थांबवून चाक हातानं फिरवा.

खालच्या दोऱ्याचा ताण बघायचा तर भरलेली बॉबिन केसमध्ये घाला आणि दोरा हातात धरून केस लोंबकळत सोडा. धडधडत खाली गेली तर ताण सैल, हलकासा झटका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट. झटक्यासरशी थोडीशी उतरून थांबली तर ठीक. केसचा बारीक स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

मशीन जड चालत असेल तर सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला तूस ब्रशनं काढा. तेल मशीनचंच घाला. खोबरेल तेल घालायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. ते काही दिवस छान वाटतं, मग घट्ट आणि चिकट होऊन धूळ धरतं. तेल घातल्यावर पाच मिनिटं चिंधीवर शिवा, नाहीतर पहिला डाग नव्या खणावर पडतो. पायमशीनचा चामड्याचा पट्टा वापरानं सैल होतो आणि चाकावरून घसरतो, तो थोडा कापून हूक पुन्हा लावला की नीट बसतो. पावसाळ्यात मशीन खिडकीखाली ठेवू नका, झाकणाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि सुया उशीवर टोचून न ठेवता बंद डबीत ठेवा. इथल्या हवेत उशीवरची सुई गंजते आणि गंजलेली सुई पहिल्याच टिपेत कापडाचा धागा ओढते.

एवढं करूनही आवाज बदललेला असेल किंवा चाक अडकत असेल, तर मात्र कारागीरच हवा. जोर लावून फिरवू नका.

हूक, फॉल, तुरपाई

यांना मशीनच्या सामानात ठेवूच नका. पत्र्याचा एक डबा वेगळा करा, त्यात सुई, छोटी कात्री, त्या आठवड्याचे दोन-तीन दोरे आणि फक्त हातशिलाईला आलेले नग. तो हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. मुलं अभ्यासाला बसली की तुम्हीही तो डबा घेऊन शेजारी बसा. त्यांना उत्तर सांगताना टाका थांबवता येतो, आणि पुन्हा सुरू करायला काहीच मांडायचं नसतं. सुईत दोरे ओवण्यासाठी डोळे ताजे असतानाच चार-पाच सुया ओवून उशीत टोचा, रात्री परत डबीत.

क्रोशाचं काम लोकलमध्ये होतं, लेडीज डब्यात खिडकीशी बसून तोरणं विणणाऱ्या बायका आपण बघतोच. सुईकाम मात्र तिथे करू नये. गाडी हिसका देते आणि शेजारणीच्या मांडीवर मूल असतं.

सण आला की सगळं कोलमडतं

सणाची तारीख धरून काम करू नका, आधीच्या एखाद्या तिथीची खूणगाठ बांधा. गणपतीच्या मागचा कापडी पडदा, मखराची झालर, मुलांचे झब्बे, हे सगळं नारळी पौर्णिमेपर्यंत बेतून झालेलं हवं. तिथून चतुर्थीपर्यंत साधारण अडीच आठवडे मिळतात आणि शेवटचा आठवडा साफसफाई, खरेदी आणि मोदकांच्या तयारीत जातो. इंग्रजी तारखेवर भरवसा ठेवला तर फसगत होते: चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून कापडी सजावट करणाऱ्यांना मनापासून सांगावंसं वाटतं की झालर एकदा नीट शिवली की घडी करून माळ्यावर ठेवता येते. दरवर्षी नव्यानं करायचा हट्ट नको, या वर्षी फक्त काठ बदला. दिवाळीच्या ब्लाउजांसाठी कोजागरी ही मर्यादा. त्या सुमारास टेलर ऑर्डरी घेणं बंद करतात, आणि मग ओळखीपाळखीची कामं तुमच्या दारात येतात.

आणि ती दारात आलेली कामं

"वहिनी, एवढा फॉल लावून द्याल का? तुम्हाला काय, हातातलं काम!" याला नाही म्हणणं शेजारात जड जातं, आणि नाही म्हणायलाच हवं असंही मला वाटत नाही. याच शेजारणी आपल्या मुलांना संध्याकाळी सांभाळतात. पण काम घेताना तयारी त्यांच्याकडे सोपवा. फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणायचा, दोरा जुळवून आणायचा, आणि साडीला कच्चा टाचून आणायचा. टाचता येत नसेल तर एकदा जवळ बसवून दाखवा, दहा मिनिटांत येतं. मग तो नग थेट पत्र्याच्या डब्यात जातो, तुमची जमीन अडत नाही आणि मशीनही. घाईची तारीख असेल तर ती त्याच वेळी विचारा आणि चिठ्ठीवर लिहा. तुमच्या लेकीचं पोलकं त्याच आठवड्यात व्हायचं असेल तर तेही तिथेच सांगा: "हिचं बुधवारी होतंय, तुमचं शनिवारी देते."